डंकेल मसुद्यानंतर : व्यापार करार आणि भारतातल्या जनसंघटना

गॅटचा कागद गावात

डिसेंबर १९९१ मध्ये गॅट या जागतिक व्यापार-शुल्क कराराचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी उरुग्वे फेरीतल्या पाच वर्षांच्या वाटाघाटी एका मसुद्यात बांधून सदस्य देशांपुढे ठेवल्या. भारतात नवे आर्थिक धोरण येऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. त्याआधीची गॅटची बोलणी मुख्यतः कारखान्यांच्या मालावरच्या आयात शुल्काभोवती फिरत. व्यापार खात्यातले अधिकारी आणि काही उद्योगपती सोडले तर त्यांच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नसे. या मसुद्यात मात्र शेती आली, सेवा आल्या, औषधांची पेटंटे आली, बियाण्यावरचा हक्क आला. शेतकरी संघटना, औषधांच्या किमतींवर काम करणारे डॉक्टर, कामगार संघटना, वैज्ञानिक अशा सगळ्यांना एकाच वेळी गॅटचे कार्यालय असलेल्या जिनिव्हाकडे पाहणे भाग पडले. पुढची दोन-तीन वर्षे महाराष्ट्रात ‘डंकेल’ हा शब्द व्याख्यानमालांत, सभांत आणि एसटी स्टँडवरच्या गप्पांतही ऐकू येई. मसुदा वाचलेले थोडे आणि त्यावर बोलणारे उदंड, अशी स्थिती होती हेही खरे. १५ एप्रिल १९९४ रोजी मराकेशला करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. भारत तिचा संस्थापक सदस्य आहे.

या गोष्टीला तीन दशके उलटून गेली. मधल्या काळात भारतातल्या संघटनांनी व्यापार धोरणाबद्दल कोणत्या भूमिका घेतल्या, त्यातले काय कायद्यात उतरले, काय वाहून गेले आणि कोणते प्रश्न अजून लोंबकळत आहेत, हे या लेखात पाहायचे आहे. या वादाची मांडणी बहुधा जागतिकीकरणाचे समर्थक विरुद्ध विरोधक अशी होते. मला ती फारशी उपयोगाची वाटत नाही. एकाच पिकाचे, एकाच तालुक्यातले शेतकरी या प्रश्नावर दोन टोकांना उभे राहिलेले आपण पाहिले आहेत. बाजार कधी उघडायचा आणि कधी मिटायचा हे कुणी, कोणत्या कागदाच्या आधारे ठरवायचे, या मुद्द्यावर मतभेदाची खरी रेघ पडते.

शेतकऱ्यांमधली दुफळी

कर्नाटकात एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या राज्य रयत संघाने सर्वांत आधी आणि सर्वांत आक्रमक विरोध केला. डिसेंबर १९९२ मध्ये संघाच्या कार्यकर्त्यांनी बंगळूरमधले कारगिल कंपनीचे कार्यालय उधळले आणि पुढच्या वर्षी बळ्ळारीजवळचे तिचे बियाणे केंद्र मोडले. बियाणे साठवण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा शेतकऱ्याचा परंपरागत हक्क पेटंटखाली जाईल, ही त्यांची मुख्य भीती होती. त्यांनी या आंदोलनाला ‘बीज सत्याग्रह’ म्हटले.

त्याच वेळी महाराष्ट्रात शेतकरी संघटनेचे शरद जोशी डंकेल प्रस्तावाचे समर्थन करत होते, आणि त्यांचा युक्तिवाद नीट समजून घेण्याजोगा आहे. स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी केलेल्या जोशींना आंतरराष्ट्रीय करारांची भाषा परकी नव्हती. चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांचे म्हणणे एकच होते : सरकार निर्यातबंदी, लेव्ही, झोनबंदी आणि स्वस्त आयात यांच्या साहाय्याने शेतमालाचे भाव पाडते. त्यामुळे भारतातल्या शेतकऱ्याला मिळते ती ‘उणे सबसिडी’. गॅटच्या हिशेबात देशातला भाव आणि परदेशातला भाव यांची तुलना करून सरकारी मदत मोजली जाणार होती. त्या पद्धतीने भारतातल्या बहुतेक पिकांची मदत खरोखरच उणे निघाली. दिल्लीच्या शेतीविरोधी धोरणाची कबुली आंतरराष्ट्रीय कागदावर येते आहे, मग त्या कागदाला विरोध कशासाठी, असा जोशींचा सवाल होता.

संघटनेतल्याच अनेकांना हे पटले नाही. वर्ध्याचे विजय जावंधिया यांनी कापूस उत्पादकाच्या बाजूने दुसरी मांडणी केली. अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्याला सरकारी तिजोरीतून पैसे देते, त्याच्या जोरावर जगाचा भाव खाली जातो, आणि आपण आयात शुल्क उतरवले तर विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची स्पर्धा टेक्सासच्या शेतकऱ्याशी न होता अमेरिकेच्या खजिन्याशी होते. पुढे या म्हणण्याला बाहेरून दुजोरा मिळाला. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी हाच मुद्दा जागतिक व्यापार संघटनेत मांडला आणि ब्राझीलने अमेरिकेविरुद्धचा कापसाचा खटला २००५ मध्ये अपिलातही जिंकला.

तिसरा प्रवाह स्वदेशीवाल्यांचा. नोव्हेंबर १९९१ मध्ये नागपुरात स्वदेशी जागरण मंच स्थापन झाला. त्यामागे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी होते. भारतीय मजदूर संघ आणि भारतीय किसान संघ यांची उभारणीही त्यांनीच केली होती. डाव्या पक्षांच्या किसान सभांशी त्यांचे इतर काहीही जुळत नसले तरी गॅटविरोधात दोघांची पत्रके शेजारी शेजारी ठेवली तर परिच्छेदच्या परिच्छेद सारखे निघतील. सरकारे बदलली तरी हा विरोध टिकला, कारण सत्तेतल्या प्रत्येक पक्षाच्या घरातच कुणीतरी टीकाकार बसलेला होता.

प्रत्यक्षात झाले काय? अमेरिकेने भारताविरुद्धचा आयातबंधनांचा खटला १९९९ मध्ये जिंकला आणि १,४२९ वस्तूंवरची संख्यात्मक बंधने २००० आणि २००१ अशा दोन टप्प्यांत उठवावी लागली. तेव्हा व्यक्त झालेली महापुराची भीती बहुतेक शेतमालाबाबत खरी ठरली नाही. बहुतेक कृषी वस्तूंवर १००, १५० किंवा ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा भारताने राखून ठेवली होती. पण जोशींना अपेक्षित असलेला निर्यातीचा मोकळा श्वासही शेतकऱ्याला मिळाला नाही. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले, डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली तरी शुल्क राहिले आणि ते पुरते जायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. खाद्यतेलावरचे आयात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवले आणि मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचे पुन्हा निम्मे केले. लातूरच्या सोयाबीन बाजाराला दोन्ही निर्णयांचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क स्थगित झाले, तेही नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर. यातला एकही निर्णय जिनिव्हाने लादलेला नाही. ओईसीडी आणि इक्रिअर यांच्या २०१८ च्या संयुक्त अहवालाने २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के ठरवला, म्हणजे ‘उणे सबसिडी’ हा शब्द अर्थशास्त्रज्ञांच्या तक्त्यात शिरला. पण त्यावरचा उपाय आंतरराष्ट्रीय करारातून निघेल ही आशा फोल ठरली, कारण अन्नधान्यावरच्या निर्यातबंदीला करारात जेमतेम लगाम आहे.

धरण, मासळी आणि वीज

जागतिकीकरणाशी संघटनांचा सामना फक्त व्यापार कराराच्या कागदावर झाला नाही. नर्मदा बचाव आंदोलनाच्या दबावामुळे जागतिक बँकेने सरदार सरोवर प्रकल्पाची स्वतंत्र पाहणी करवली. १९९२ च्या मोर्स अहवालात पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्हींवर कडक ताशेरे होते. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले आणि त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारींसाठी निरीक्षण मंडळ स्थापले. धरण मात्र झाले, तेही पूर्ण उंचीचे. पद्धत बदलली पण निकाल बदलला नाही, असा अनुभव या क्षेत्रात वारंवार येतो.

मच्छीमारांच्या वाट्याला आलेले यश अधिक ठोस होते. गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध लढा दिला. त्यातून पुढे आलेले मातान्ही साल्ढाणा राष्ट्रीय मच्छीमार मंचाच्या पहिल्या नेत्यांपैकी. १९९१ च्या धोरणाने खोल समुद्रात परदेशी कंपन्यांशी भागीदारीत मासेमारीचे परवाने सुरू झाले, तेव्हा या मंचाने देशभर किनारा बंद पाडला. सरकारने नेमलेल्या मुरारी समितीने १९९६ मध्ये हे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. मासेमारीवरच्या अनुदानांना आळा घालणारा जागतिक व्यापार संघटनेचा करार १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. त्याबाबत पारंपरिक मच्छीमारांची अडचण दुहेरी आहे. समुद्र उपसणाऱ्या बड्या जहाजांचे अनुदान बंद व्हावे ही मागणी मूळ त्यांचीच. पण डिझेलवरच्या सवलतीवर चालणारी छोटी होडीही त्याच नियमात सापडू नये, म्हणून भारताने विकसनशील देशांसाठी मागितलेल्या २५ वर्षांच्या सवलतीलाही त्यांचा पाठिंबा होता.

एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचे प्रकरण महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. गुहागर तालुक्यातल्या वेलदूरसारख्या गावांचा विरोध आणि पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटाने वीजखरेदी कराराचे केलेले आकडेवार विश्लेषण, या दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या कामांची तिथे गाठ पडली. त्या कथेचे शेवटचे प्रकरण मात्र कमी चर्चिले गेले. वीज मंडळाने २००१ मध्ये खरेदी थांबवल्यावर बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी आपल्या मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराचा आधार घेऊन भारत सरकारलाच लवादापुढे खेचले. ते प्रकरण २००५ मध्ये तडजोडीने मिटले. असे डझनावारी करार भारताने नव्वदच्या दशकापासून गाजावाजा न करता केले होते, आणि त्यांचा अर्थ दाभोळमुळे पहिल्यांदा उघड झाला. २०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने अशाच लवादात भारताविरुद्ध निवाडा मिळवला, तेव्हा दिल्लीत हालचाल झाली. डिसेंबर २०१५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या नमुना करारात गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षे देशातल्या न्यायालयांत दाद मागावी अशी अट आली आणि जुने बहुतेक करार संपवण्याची नोटीस गेली.

सिएटल, कानकुन, गोरेगाव

नोव्हेंबर १९९९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या सिएटलमधल्या मंत्रिपरिषदेबाहेर हजारो निदर्शक जमले आणि परिषद निष्फळ ठरली. ते दृश्य जगभर नागरी समाजाच्या ताकदीचे चित्र म्हणून गेले. भारतातून ते तितके सरळ दिसत नव्हते. निदर्शकांत अमेरिकी कामगार संघटना मोठ्या संख्येने होत्या आणि कामगार व पर्यावरणाचे निकष व्यापार कराराला जोडावेत ही त्यांची मागणी होती. निकष न पाळणाऱ्या देशांवर निर्बंध लादण्याची भाषा अध्यक्ष क्लिंटन यांनीही केली. भारत सरकारने याला छुपा संरक्षणवाद म्हटले. बहुतेक भारतीय कामगार संघटना सरकारशी एरवी भांडत, पण या मुद्द्यावर त्या सरकारच्या बाजूला होत्या. जयपूरच्या ‘कट्स’ या ग्राहक संस्थेचे प्रदीप मेहता आणि अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी तिसऱ्या जगातले विचारवंत आणि संस्था यांच्या सह्यांचे एक निवेदनच या जोडणीविरुद्ध काढले.

दुसरी बाजूही होती, आणि ती केवळ पाश्चात्त्यांची नव्हती. गालिच्यांच्या उद्योगातल्या बालमजुरीविरुद्ध कैलाश सत्यार्थी यांनी १९९४ मध्ये ‘रगमार्क’ हे प्रमाणचिन्ह पुढे आणले, ते परदेशी ग्राहकाच्या नैतिक दबावावरच चालणारे होते. करारातले निर्बंध आणि बाजारातली स्वेच्छेची खूण यांत फरक आहे, पण देशातली मजूर तपासणी यंत्रणा ढिली असताना बाहेरचा दबाव सरसकट नाकारणे परवडते का, हा प्रश्न तेव्हापासून तसाच उभा आहे.

२००३ मध्ये कानकुनच्या मंत्रिपरिषदेत भारत, ब्राझील, चीन आदी देशांनी शेती अनुदानांवर एकत्र आघाडी केली आणि ती परिषदही फिसकटली. बाहेरच्या निदर्शनांत ली क्युंग-हे या कोरियन शेतकऱ्याने प्राण दिले. चारच महिन्यांनी, १६ ते २१ जानेवारी २००४ दरम्यान, गोरेगावच्या नेस्को मैदानावर जागतिक सामाजिक मंच भरला. ब्राझीलबाहेर भरलेला तो पहिलाच मंच. दलित, आदिवासी, लैंगिक अल्पसंख्य, घरकामगार बायका अशा अनेकांनी ते मैदान व्यापले, आणि व्यापार धोरणाच्या कोरड्या भाषेला माणसांचे चेहरे मिळाले. रस्त्यापलीकडे ‘मुंबई रेझिस्टन्स’ नावाचा दुसरा मेळावा भरला होता. सामाजिक मंच परदेशी निधीवरच्या संस्थांनी व्यापला आहे आणि त्यातून कृती निघत नाही, असा त्यांचा आरोप होता. आयोजकांनी फोर्ड फाउंडेशनचा पैसा नाकारूनही तो आरोप शमला नाही. निधीचा हा वाद पुढे वेगळ्याच वळणावर गेला. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला निधी देण्यास बंदी घातली. सरकारच्या मते हे पारदर्शकतेसाठी आहे. छोट्या संघटनांना व्यापारासारख्या किचकट विषयावर अभ्यास पुरवणाऱ्या संस्थांची साखळी त्यामुळे तुटली, असे या क्षेत्रातले लोक म्हणतात.

औषधे : जिथे कायद्याची मूठ हाती होती

संघटनांचा सर्वांत खोल ठसा कुठे उमटला, असे विचारले तर उत्तर औषधांच्या पेटंटात सापडते. भारताच्या १९७० च्या कायद्यात औषधाच्या प्रक्रियेला पेटंट मिळे, औषधाला नाही. त्याच आधारावर देशी कंपन्या उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरच्या तीन औषधांचे वर्षभराचे उपचार ३५० डॉलरला देऊ केले. तेव्हा मूळ कंपन्यांच्या औषधांचा खर्च १० हजार डॉलरच्या पुढे होता. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्ण संघटनांच्या दबावापुढे ३९ औषध कंपन्यांनी तिथल्या सरकारविरुद्धचा खटला मागे घेतला, आणि नोव्हेंबरात दोहा येथे सदस्य देशांनी पेटंट नियम सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नयेत असे जाहीर केले.

भारताला १ जानेवारी २००५ पासून औषधांनाही पेटंट देणे बंधनकारक होते. त्यासाठीची दुरुस्ती संसदेत आली तेव्हा सरकार डाव्या पक्षांच्या टेकूवर उभे होते, आणि पेटंट कायद्यावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या गटांचे मुद्दे त्यांच्यामार्फत आत शिरले. कलम ३(घ) नुसार जुन्या औषधाच्या नव्या रूपाला, गुणकारिता वाढल्याखेरीज, पेटंट नाही. आणि पेटंट मिळण्याआधीच त्याला हरकत घेण्याचा हक्क कोणत्याही व्यक्तीला आहे.

हा ‘कोणत्याही व्यक्तीचा’ हक्क पुढे निर्णायक ठरला. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने नोव्हार्टिसच्या रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या अर्जाला हरकत घेतली. कंपनीच्या औषधाचा खर्च महिन्याला लाखाच्या वर होता आणि देशी औषधाचा दहा हजारांच्या आत. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याआधी मार्च २०१२ मध्ये बायरच्या नेक्साव्हर या औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला होता आणि महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला होता. मार्च २०२३ मध्ये क्षयरोगावरील बेडाक्विलिनची पेटंट मुदत लांबवू पाहणारा अर्ज फेटाळला गेला. हरकत घेणाऱ्या दोघी स्वतः क्षयरोगातून बऱ्या झालेल्या, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची.

कंपन्यांची बाजू अशी, की संशोधनाचा अवाढव्य खर्च भरून काढायला पेटंट हाच मार्ग आहे आणि कलम ३(घ) हळूहळू होणाऱ्या सुधारणांना मारक आहे. देशी औषध उद्योगातही आता संशोधन करणारे आहेत, त्यांच्यातही यावर एकमत नाही. शिवाय नॅटकोनंतर एकही सक्तीचा परवाना दिला गेलेला नाही. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने पेटंटचा देशात वापर होतो आहे की नाही याची माहिती दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा देणे पुरेसे ठरवले आणि हरकतींच्या प्रक्रियेत नवी चाळणी लावली. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या ब्रिटनबरोबरच्या करारात औषधे उपलब्ध करण्यासाठी स्वेच्छेचे परवाने हा अधिक चांगला मार्ग असल्याचे मान्य केले आहे. कायदा तोच राहिला, पण तो वापरण्याची वाट अरुंद होत आहे, अशी आरोग्य संघटनांची तक्रार आहे. सरकार म्हणते, कायद्यातली लवचीकता अबाधित आहे.

दोन बीज सत्याग्रह

बियाण्याबाबत भारताने २००१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. पैदासकाराला हक्क दिला आणि शेतकऱ्याचा साठवण्याचा, पेरण्याचा, विकण्याचा हक्कही राखला, फक्त ब्रँडच्या नावाने विकायचे नाही. विकसित देशांना भारताने ‘युपोव्ह’ या नव्या वाणांवरचे हक्क जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघात यावे असे वाटते. बीजहक्काच्या संघटनांना तसे झाल्यास हा तोल ढळेल अशी भीती आहे. २०१९ मध्ये पेप्सिकोने आपल्या बटाट्याच्या वाणावरून गुजरातेतल्या शेतकऱ्यांवर दावे लावले आणि गदारोळानंतर मागे घेतले. त्या वाणाची नोंदणी २०२१ मध्ये रद्द झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो आदेश फिरवला.

त्याच २०१९ च्या जून महिन्यात अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावी शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मान्यता नसलेले तणनाशकरोधी कापूस बियाणे जाहीरपणे पेरले. नंजुंडस्वामींचा सत्याग्रह कंपनीच्या बियाण्याविरुद्ध होता, हा सरकारच्या बंदीविरुद्ध. दोघांनीही शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याचेच नाव घेतले. जनुकीय बियाण्याला विरोध म्हणजेच शेतकऱ्यांची बाजू, असे गृहीत धरणाऱ्या शहरी संस्थांनी या दुसऱ्या सत्याग्रहाला पुरेसे उत्तर दिलेले नाही असे मला वाटते.

पर्यावरणाचे दुधारी नियम

व्यापार आणि पर्यावरण यांच्या वादात भारत दोन्ही बाजूंना उभा राहिला आहे. कासवांना वाचवणारे साधन जाळ्याला न लावणाऱ्या देशांची कोळंबी अमेरिकेने रोखली, तेव्हा भारताने इतर तीन देशांसह जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. १९९८ च्या निकालात अमेरिकेची अंमलबजावणी चुकीची ठरली, पण पर्यावरणासाठी व्यापार रोखण्याचे तत्त्व ग्राह्य धरले गेले आणि संस्थांनी पाठवलेली निवेदने लवाद वाचू शकतो हेही मान्य झाले. भारताचा त्याला विरोध होता : पैसेवाल्या पाश्चात्त्य संस्थांनाच त्याचा लाभ होईल, असे दिल्लीचे म्हणणे. उलट सौर पॅनेल देशातच बनवण्याच्या अटीवरून अमेरिकेने भारताला खेचले आणि २०१६ मध्ये भारत हरला, तेव्हा खुद्द अमेरिकेतल्या काही पर्यावरण संघटना भारताच्या बाजूने बोलत होत्या.

युरोपीय संघाचा कार्बन सीमाकर हा आताचा कळीचा मुद्दा. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर तो १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आला आहे. हवामान न्यायाच्या भूमिकेतून भारतीय संस्थांनी १९९१ पासून, अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांच्या मांडणीपासून, हेच सांगितले की ज्यांनी आकाश आधी भरले त्यांनी आधी किंमत मोजावी. त्यामुळे या कराला त्यांचा विरोध स्वाभाविक आहे. पण कोळशावरच्या पोलाद कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचे हित नेमके कुठे आहे, यावर एकमत नाही. भारताने स्वतःच कार्बनवर कर लावून तो पैसा देशात ठेवावा, असा एक मधला पर्याय चर्चेत आहे.

गोव्याने या प्रश्नाची देशी बाजू दाखवली. चीनच्या मागणीमुळे लोहखनिजाची निर्यात फुगली, डोंगर आणि शेते गेली. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणकाम थांबवले आणि एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून दिली. खाणीवर पोट असलेले ट्रकवाले आणि बार्जवाले यांचे हाल झाले, तेही खरे. तरीही किती निर्यात टिकाऊ, याचा आकडा एका नागरी संस्थेच्या खटल्यातून ठरल्याचे हे विरळा उदाहरण.

कागद कुणाला दिसतो

जागतिक व्यापार संघटनेच्या वाटाघाटींची दोहा फेरी अडकल्यावर केंद्रबिंदू द्विपक्षीय आणि प्रादेशिक करारांकडे सरकला. २०१० पासून लागू झालेल्या आसियान कराराविरुद्ध केरळात रबर आणि मिरी उत्पादकांनी आवाज उठवला. ‘आरसेप’ या आशिया-प्रशांत प्रादेशिक व्यापार कराराच्या बोलण्यांत न्यूझीलंडच्या दुधाची भीती हा असा मुद्दा होता की त्यावर सहकारी दूध संघ, डाव्या किसान सभा आणि स्वदेशी जागरण मंच एकत्र आले. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने करारातून अंग काढले. हा संघटनांचा विजय की चीनबद्दलच्या धास्तीचा परिणाम, यावर मतभेद आहेत. माझ्या मते धास्ती निर्णायक होती आणि आंदोलनाने तिला देशांतर्गत कारण पुरवले. त्या निर्णयामुळे भारत आशियाई पुरवठा साखळ्यांबाहेर राहिला आणि रोजगार हुकले, असे मानणाऱ्या अर्थतज्ज्ञांचा गटही कमी नाही.

त्यानंतर अमिराती, ऑस्ट्रेलिया, मार्च २०२४ मध्ये स्वित्झर्लंड-नॉर्वेचा एफ्टा गट आणि मग ब्रिटन असे करार झाले. सिएटलला भारताने जे ठामपणे नाकारले होते, ते शाश्वत विकास आणि कामगार हक्कांचे प्रकरण एफ्टा करारात पहिल्यांदा आले. तंटानिवारणाच्या तरतुदी त्याला लागू नाहीत. म्हणून कुणी त्याला शोभेचे म्हणतात, कुणी पुढच्या सक्तीची पायरी. २५ वर्षांपूर्वी या जोडणीवर निवेदने काढणाऱ्या संघटनांनी या बदलावर तेवढी चर्चा मात्र केलेली नाही.

सगळ्या प्रवाहांना आज एकत्र आणणारी मागणी पारदर्शकतेची आहे. राज्यघटनेच्या केंद्रसूचीतली १४ वी नोंद परदेशांशी करार करण्याची आणि राज्यसूचीतली १४ वी नोंद शेतीची, हा निव्वळ योगायोग, पण वादाचे मूळ त्यातच आहे. केंद्र सही करते, परिणाम राज्याच्या विषयावर होतो, आणि करार संसदेने संमत करावा लागत नाही. वाणिज्य मंत्रालयाचा युक्तिवाद असा, की चालू वाटाघाटीत आपले पत्ते उघडे केले तर देशाचेच नुकसान. शिवाय उद्योग आणि इतर घटकांशी सल्लामसलत होतच असते. संघटनांचे उत्तर असे, की सल्लामसलत मसुदा न दाखवता होते. आरसेपच्या बौद्धिक संपदा प्रकरणाचा मसुदा लोकांना कळला तो फुटलेल्या प्रतीतून. मजकूर गोठल्यावर आणि सहीच्या आधी, कायदेशीर तपासणी चालू असते त्या महिन्यांत, तो संसदीय समिती आणि राज्यांपुढे ठेवावा, अशी मधली सूचना मांडली जाते. तिच्यावर अजून निर्णय नाही.

युरोपीय संघाशी २००७ मध्ये सुरू झालेली आणि २०१३ मध्ये अडकलेली बोलणी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा ब्रसेल्सने आपल्या बाजूचे अनेक प्रस्ताव मजकुरासह प्रसिद्ध केले. भारतातल्या दूध संघांनी, औषध कार्यकर्त्यांनी आणि बीजहक्काच्या गटांनी ते उतरवून घेतले, त्यावर टिपणे लिहिली, मंत्र्यांना पत्रे पाठवली. त्या प्रस्तावांना भारताचे उत्तर काय होते, हे त्यांना ब्रसेल्सच्या कागदांवरूनच ताडावे लागले.